विश्लेषण : स्वतःच्याच रेकॉर्ड ऐकून गिटार पुन्हा शिकलेला माणूस, पॅट मार्टिनो यांच्या मेंदूत नेमकं काय घडलं होतं?

अमेरिकी जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनो यांचं सोमवारी, १ नोव्हेंबरला फिलाडेल्फिया शहरात राहत्या घरी निधन झालं. ते ७७ वर्षांचे होते. श्वसनाच्या जुनाट विकाराने ते गेली काही वर्षं आजारी होते. ऐन वसुबारसेच्या दिवशी आलेली ही बातमी आपल्याकडे फारशी कुणाच्या नजरेत आली नाही. पण ज्यांनी पाहिली, त्यांच्यापर्यंत ती बहुतेक एकाच ओळीत पोहोचली: मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सगळं विसरलेला आणि स्वतःच्याच रेकॉर्ड ऐकून पुन्हा गिटार शिकलेला कलाकार गेला.

ही ओळ खोटी नाही. मात्र ती इतकी आकर्षक आहे की पुढे वाचायची गरजच वाटत नाही. ‘चमत्कार’ म्हटलं की प्रश्न संपतात. प्रत्यक्षात या गोष्टीत चुकलेली निदानं आहेत, विजेचे शॉक आहेत, मुलाच्या मागे लागलेला एक हट्टी बाप आहे आणि सात वर्षांची कंटाळवाणी मेहनत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, माणूस ‘सगळं’ विसरतो तेव्हा नेमकं काय विसरतो आणि काय शिल्लक राहतं, हा प्रश्न आहे.

पॅट मार्टिनो कोण होते?

जन्म २५ ऑगस्ट १९४४, फिलाडेल्फिया. मूळ नाव पॅट्रिक कार्मेन अझारा. कुटुंब इटालियन वंशाचं. वडिलांना सगळे मिकी म्हणत. ते स्थानिक क्लबांमध्ये ‘मार्टिनो’ या नावाने गायचे. मुलाने पुढे तेच नाव घेतलं. बाराव्या वर्षी हातात गिटार आली. शाळा दहावीच्या आसपास सुटली आणि पोरगा थेट न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीय संगीतकारांच्या बँडमध्ये वाजवू लागला. गोऱ्या कुटुंबातला हा किशोरवयीन मुलगा विलिस जॅक्सन, जॅक मॅक्डफ, डॉन पॅटरसन अशा मुरलेल्या वादकांच्या शेजारी बसून रात्र रात्र वाजवत होता. त्याचं कॉलेज म्हणाल तर तेच.

या बँडची रचना समजून घेतली तर त्यांच्या वादनाचा वेग का तसा होता हे कळतं. मध्यभागी हॅमंड ऑर्गन, सोबत ड्रम आणि गिटार. वेगळा बेस वाजवणारा नाही. ते काम ऑर्गनवादकच डाव्या हाताने आणि पायाने करतो. ऑर्गनचा आवाज एकदा धरला की पेटीसारखा सलग राहतो, तर गिटारचा स्वर छेडल्याबरोबर विरायला लागतो. त्या भरगच्च आवाजात टिकायचं तर गिटारवादकाला स्वरांची न तुटणारी साखळी लागते. मार्टिनो यांनी तीच आपली ओळख बनवली. कितीतरी वेळ श्वास न घेता बोलणाऱ्या माणसासारखं ते वाजवत, आणि प्रत्येक स्वर मात्र सुटा, टपोरा. त्यासाठी नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा दीडपट जाड तारा लावत. अशा तारांवर त्या वेगाने बोटं चालवणं म्हणजे काय, हे गिटार शिकायला घेऊन महिन्याभरात सोडलेल्या कुणालाही विचारा. (आमच्या डेस्कवर असे दोघे आहेत.)

१९६७ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी पहिला अल्बम आला, ‘एल हॉम्ब्रे’. त्यात ‘अ ब्लूज फॉर मिकी-ओ’ नावाची एक रचना आहे. ‘मिकी’ हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे. १९६८ च्या ‘बैयिना’ या अल्बममध्ये तर तबला आणि तानपुरा आहे. १९७६ पर्यंत डझनाच्या आसपास अल्बम, मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार आणि जगभरचे दौरे असा प्रवास झाला होता.

मग काय बिघडलं?

बिघाड जन्मापासूनच होता. त्याला आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन, डॉक्टरांच्या भाषेत एव्हीएम म्हणतात. हृदयातून येणारं रक्त धमन्यांमधून जास्त दाबाने वाहतं. पुढे ते केसासारख्या बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरतं, तिथे दाब उतरतो आणि मग ते शिरांमधून परत जातं. एव्हीएममध्ये ही मधली जाळीच नसते. धमनी थेट शिरेला जोडलेली असते. सोसायटीच्या टाकीकडे जाणारी जास्त दाबाची लाइन मधला व्हॉल्व्ह न लावता घरातल्या प्लास्टिकच्या पाइपला जोडली तर जे होईल, तेच इथे होतं. पाइप काही वर्षं टिकतो, फुगतो, कधीतरी फुटतो.

मार्टिनो यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असा गुंता होता. त्यातून डोकेदुखी, आकडी, मनःस्थितीतले टोकाचे चढउतार सुरू झाले. एकदा फ्रान्समध्ये मंचावर वाजवत असतानाच आकडी आली. पण निदान काय झालं? मानसिक आजार. कधी उन्माद-नैराश्य, कधी स्किझोफ्रेनिया. मनोरुग्णालयातले मुक्काम झाले, औषधं झाली, विजेचे शॉकही दिले गेले. ज्याची रक्तवाहिनी कधीही फुटू शकते अशा मेंदूला शॉक देणं किती धोक्याचं होतं, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

खरं कारण सापडलं १९८० मध्ये. तेव्हा ते कॅलिफोर्नियात गिटार शिकवत होते. मोठी आकडी आली, रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि मेंदूतला रक्तस्राव दिसला. इथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. सीटी स्कॅनचं यंत्र बनवलं होतं ईएमआय या ब्रिटिश कंपनीने, म्हणजे भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची ‘एचएमव्ही’ ज्यांची, त्यांनीच. तिथले अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन घेतला आणि १९७९ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मार्टिनो यांचा आजार दहा वर्षं आधी या टप्प्यावर आला असता, तर तो असा दिसलाच नसता.

विमानाने त्यांना फिलाडेल्फियाला आणण्यात आलं आणि शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. पण डाव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे कानाच्या आसपास असणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा हिस्सा गेला होता. २०१४ मध्ये न्यूरोसर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्यावर स्वतंत्र लेख आला. त्यानुसार हा हिस्सा सुमारे ७० टक्के होता.

शुद्धीवर आले तेव्हा समोर उभे असलेले आई-वडील त्यांना ओळखता आले नाहीत. आपण गिटार वाजवतो, आपलं नाव आहे, आपल्या रेकॉर्ड आहेत, यातलं काहीच आठवत नव्हतं.

‘सगळं विसरणं’ म्हणजे नेमकं काय?

आपण ‘स्मृती’ हा शब्द एकवचनात वापरतो, तिथेच घोळ होतो. मेंदूत आठवणींची एकच फाइल नसते.

गेल्या वर्षी दिवाळीला कुठे होतो, ही एक प्रकारची स्मृती. ती घटनांची. तिच्यासाठी टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग लागतो. सायकल चालवणं, पोळी लाटणं, पासवर्ड न आठवता बोटांनी तो टाइप करणं, ही दुसरी. ती कौशल्याची. तिचा कारभार बराचसा मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियामधून आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूतून चालतो. म्हणजे पहिली गेली तरी दुसरी जागेवर राहू शकते.

हे कळलं ते एका रुग्णामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये आकडीसाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवी कोणतीच घटना लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज ते म्हणत, हे मी पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्यांचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा. माणसाला आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं. संगीतातलं उदाहरण ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांचं. १९८५ मध्ये मेंदूज्वराने त्यांची स्मृती काही सेकंदांपुरती उरली, तरी पियानोसमोर बसवलं की ते वाजवतात.

मग मार्टिनो यांचे हात शाबूत होते, एवढंच का? उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

हो अशासाठी की २० वर्षांच्या रियाजाने बोटांत बसलेलं बरंचसं गेलं नसणार. शून्यातून सुरू करणारा माणूस सात वर्षांत त्या पातळीवर पोहोचत नाही. आणि नाही अशासाठी की जॅझ म्हणजे पाठ केलेली धून वाजवणं नव्हे. तिथे दर क्षणाला पुढचं वाक्य रचावं लागतं. त्याला बोटांपलीकडचं काहीतरी लागतं: हा सूर आता का, ही स्वरसंगती पुढे कुठे जाते याची जाण. शिवाय वेअरिंग यांना पियानोकडे जावंसं वाटत होतं. मार्टिनो यांना गिटार नकोशी झाली होती. ज्याला आपण कोण हेच माहीत नाही, त्याला एका कोपऱ्यातली पेटी उघडून ‘हे तुझं आयुष्य’ असं सांगितलं तर तो का ऐकेल?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. त्या वर्षांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते मुख्यतः मार्टिनो यांनीच नंतर सांगितलेलं आहे. म्हणजे स्मृती गेलेल्या माणसाने स्मृती जाण्याबद्दल दिलेली साक्ष. ब्रिटिश न्यूरोसायकॉलॉजिस्ट पॉल ब्रोक्स यांनी ‘मार्टिनो अनस्ट्रंग’ या २००८ च्या माहितीपटात त्यांच्या मेंदूचा आणि आठवणींचा मागोवा घेतला आहे. गंभीरपणे समजून घ्यायचं असेल त्याने तो पाहावा.

रेकॉर्ड ऐकून कुणी शिकतं का?

इथे मिकी परत येतात. शस्त्रक्रियेनंतर मार्टिनो दक्षिण फिलाडेल्फियातल्या आई-वडिलांच्या घरी राहायला गेले. वडिलांना आपल्या मुलाचा कोण अभिमान. ते घरात मुलाच्या जुन्या रेकॉर्ड लावायचे. पुन्हा पुन्हा लावायचे. वरच्या खोलीत झोपलेल्या मार्टिनो यांना त्याचा त्रास व्हायचा. हा कोण माणूस वाजवतोय आणि मी त्याच्यासारखं का व्हायचं? चमत्काराच्या गोष्टीत ही चिडचिड गाळली जाते. बापाचं प्रेम आणि बापाचा दबाव यांतली रेघ फार पुसट असते, हे आपल्या घरांत कुणाला वेगळं सांगायला नको.

त्यांनी गिटार अखेर उचलली ती काहीशी नाइलाजाने, मन रमवायला. मग पट्टीवरचे आकार हळूहळू परत येऊ लागले, असं त्यांनी ‘हिअर अँड नाऊ’ या २०११ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे.

‘आकार’ हा शब्द महत्त्वाचा. मार्टिनो स्वरांकडे नेहमीच भूमितीच्या नजरेने बघायचे आणि तसंच शिकवायचे. त्यांची पद्धत पेटीवर करून बघता येते. सा, शुद्ध ग आणि कोमल ध दाबा. या तिन्ही सुरांत प्रत्येकी चार पट्ट्यांचं सारखं अंतर आहे. आता यातला कोणताही एक सूर एक पट्टी खाली आणा, मेजर कॉर्ड मिळते. कोणताही एक एक पट्टी वर न्या, मायनर मिळते. सप्तकात असे चार गट बसतात, प्रत्येकात तीन सूर. चार त्रिक बारा, म्हणजे सगळ्या बारा मेजर कॉर्ड चार आकारांतून बाहेर येतात. तीन-तीन पट्ट्यांच्या अंतराने चार सूर घेतलेत (सा, कोमल ग, तीव्र म, ध) तर त्यातला कोणताही एक सूर एक पट्टी उतरवल्यावर जॅझमध्ये सतत लागणारी डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड तयार होते. असे गट तीन, प्रत्येकातून चार, पुन्हा बारा. अभियांत्रिकीला असताना कुणी संगीत असं शिकवलं असतं, तर निदान लेक्चर चुकवली नसती.

शेकडो कॉर्डची नावं पाठ करण्याऐवजी दोन सममित आकार आणि एका बोटाची हालचाल. ज्याच्या मेंदूतला भाषेशी निगडित डावा भाग गेला आहे, त्याला नावांच्या यादीपेक्षा आकारांचा नकाशा परत मिळवणं सोपं गेलं असावं, असा अंदाज करता येतो. हा माझा तर्क आहे. डॉक्टरांचा युक्तिवाद थोडा वेगळा आहे: एव्हीएम जन्मापासून असल्यामुळे मेंदूने त्या भागाची काही कामं आधीच इतरत्र हलवली असावीत. म्हणूनच इतका भाग जाऊनही बोलणं टिकलं आणि संगीत परतलं.

परतलेला माणूस तोच होता का?

फेब्रुवारी १९८७. न्यूयॉर्कचा ‘फॅट ट्यूजडेज’ क्लब. बेसवर स्टीव्ह लास्पिना, ड्रमवर जोई बॅरन. या मैफलीचं ध्वनिमुद्रण ‘द रिटर्न’ नावाने आलं. त्यातल्या एका रचनेचं नाव आहे ‘डू यू हॅव अ नेम?’, म्हणजे ‘तुला नाव आहे का?’.

नंतरची वाट सरळ नव्हती. आई-वडील आजारी पडले, गेले, आणि पुन्हा काही वर्षं शांतता. १९९४ मध्ये ‘इंटरचेंज’ आला आणि तिथून दुसरी कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली. ब्लू नोट या नावाजलेल्या कंपनीचे अल्बम, ग्रॅमीची नामांकनं, २००४ मध्ये ‘डाऊनबीट’ नियतकालिकाच्या वाचकांकडून वर्षातला सर्वोत्तम गिटारवादक म्हणून निवड. ‘फायर डान्स’ या अल्बममध्ये उस्ताद झाकिर हुसेन यांचा तबला आहे. तीस वर्षांपूर्वी ‘बैयिना’त डोकावलेल्या तबल्याकडे ते पुन्हा वळले होते. ती आठवण होती की नवी आवड, हा प्रश्न मला फार रंजक वाटतो.

समीक्षकांमध्ये यावर कुजबूज राहिलीच. सत्तरच्या दशकातले मार्टिनो अधिक धोका पत्करायचे, नंतरचे अधिक सुबक वाजवायचे, असं म्हणणारे आहेत. ऐकल्यावर ते अगदीच चुकीचं वाटत नाही. पण तेवीस आणि त्रेपन्न वर्षांचा कोणताही वादक सारखा वाजवत नाही, मेंदू शाबूत असला तरी. मार्टिनो यांना स्वतःला या तुलनेत फारसा रस नव्हता. आत्मचरित्राचं नाव ‘इथे आणि आता’ ठेवणाऱ्या माणसाला गेलेलं परत मिळवल्याचा जल्लोष करायचा नव्हता.

शेवटची वर्षं कशी होती?

ही बाजू श्रद्धांजल्यांमध्ये घाईने उरकली जाते. २०१८ च्या अखेरीस इटलीच्या दौऱ्यानंतर त्यांना मंचावर परतता आलं नाही. घरीच ऑक्सिजनवर राहावं लागलं. वाजवता येत नाही म्हणजे कमाई नाही. त्यांच्या व्यवस्थापकाने शुश्रूषेसाठी इंटरनेटवर लोकवर्गणी सुरू केली आणि चाहत्यांनी ती भरलीही.

जगातल्या सर्वात श्रीमंत देशातला, नामांकनं आणि पुरस्कार मिळवलेला कलाकार, आणि त्याला लोकवर्गणी? कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो आणि जॅझ वादकाला नोकरी नसते. पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळतं. त्यात रुग्णालय आणि डॉक्टरांचा खर्च येतो, पण घरी दीर्घकाळ लागणाऱ्या देखभालीचा खर्च साधारणपणे येत नाही. श्वसनाच्या जुनाट आजारात नेमका तोच वर्षानुवर्षं चालतो. रेकॉर्डच्या मानधनावर तो भागवणं स्ट्रीमिंगच्या काळात अशक्य आहे. मेंदूच्या आजारातून मार्टिनो यांना डॉक्टर आणि आई-वडिलांनी बाहेर काढलं. शेवटच्या तीन वर्षांत आधार मिळाला तो घरच्यांचा आणि कधी न भेटलेल्या श्रोत्यांचा.

ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी?

‘एल हॉम्ब्रे’ ही एकच रचना दोनदा ऐका. पहिली १९६७ च्या त्याच नावाच्या अल्बममधली, २२ वर्षांच्या मार्टिनो यांची. दुसरी ‘लाइव्ह अ‍ॅट योशीज’मधली, डिसेंबर २००० ची, ऑर्गनवर जोई डिफ्रान्सेस्को, ड्रमवर बिली हार्ट. दोन्ही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर मिळतात. मधल्या काळात हे वाजवणारा माणूस स्वतःचं नावही विसरला होता, हे पहिल्यांदा ऐकताना शक्य तर बाजूला ठेवा. ऑर्गनवर कान ठेवा आणि गिटारची साखळी कुठे तुटते का ते बघा. इयरफोन असलेले बरे, कारण फोनच्या स्पीकरवर ऑर्गनचा खालचा सूर ऐकूच येत नाही.